आधी राज्य, मग घर!

आपण फ्लॅट घेताना पाणी बघतो, पार्किंग बघतो. अमेरिकेत काही जण आधी राज्यच निवडतात. का? तर बंदूक बाळगता यावी आणि मुलांना घरीच शिकवता यावं म्हणून! त्यांचं फेव्हरिट टेक्सास. तिथे होमस्कूलिंगची सरकारकडे नोंदणी नाही आणि २०२१पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परमिटशिवाय हँडगन जवळ ठेवता येते. पेनसिल्व्हेनियात मात्र गंमत आहे. बंदुकीचे नियम शेजारच्या न्यूयॉर्कपेक्षा बरेच सैल, पण पोरांना घरी शिकवायचं तर प्रतिज्ञापत्र द्या, अभ्यासाची फाइल ठेवा, वर्षाअखेरीस मूल्यमापन करून घ्या. मला विचाराल तर ही कटकट बरी. पोरगं खरंच शिकतंय का, हे बाहेरचं कुणीतरी बघतं. आणि हो, एच-वन-बीवाल्यांनो, होमस्कूलिंग खुशाल करा. बंदूक मात्र, शिकारीच्या लायसन्ससारखे अपवाद सोडले तर, ग्रीन कार्ड मिळेपर्यंत विसरा!