पेंड माशाच्या पोटात जावी, गाळात नव्हे

शेततळ्यात मासे सोडले, रोज पेंड टाकली की झाले, हा समज महागात पडतो. नांदे परिसरातील मत्स्यशेती करणाऱ्या बंधूंनी माशांची भूक ओळखावी. कटला पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचा कुजका पाला खातो. म्हणून तिन्ही एकत्र सोडावेत. भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड समभाग द्यावी. पण बारमाही एकच माप नको! थंडीत पाणी गारठले की माशांची भूक मंदावते. उरलेली पेंड तळाशी कुजते, प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंडे वासतात. ढगाळ दिवसांतही हात आखडता घ्या. खाद्य टोपलीत ठेवून पाण्यात सोडा. दोन तासांनी उरलेले दिसले, तर दुसऱ्या दिवशी माप कमी करा.