बॅटरी बदलण्यापूर्वी

जुना डिझेल ट्रॅक्टर दिवसभर नांगरट करून सायंकाळी खळ्याजवळ उभा केला जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ली फिरविली असता स्टार्टर एकदा कण्हतो आणि स्तब्ध होतो. जमिनीला वापसा आलेला असतो, पेरणीचे दिवस बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि चार माणसे जमवून ट्रॅक्टर ढकलण्याची वेळ येते. अशा प्रसंगी गावोगाव जो निवाडा होतो तो ठरलेलाच असतो : बॅटरी गेली. नवी बॅटरी येते. ती काही दिवस उत्तम काम देते आणि पुन्हा तशीच पहाट उगवते. मग विक्रेत्याने खोटा माल दिला, असा बोल त्याच्या माथी येतो.

वस्तुतः बॅटरी ही विजेची कणगी होय. कणगीत धान्य पडत नसेल तर ती रिकामी होणारच. कणगी बदलल्याने धान्य येत नाही. ट्रॅक्टरवर ही वीज निर्माण करण्याचे काम डायनॅमो करतो आणि ती मोजूनमापून बॅटरीत सोडण्याचे काम त्याच्या शेजारची नियंत्रकपेटी करते. या दोहोंपैकी कोणाचे काम बंद पडले आहे, हे न पाहता बॅटरी बदलणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहताच औषध देणे होय. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शिक्षणात आधी पाना आणि नंतर, जमल्यास, व्होल्टमीटर असा क्रम रूढ झालेला आहे. तो उलटा केल्यावाचून हा वृथा खर्च थांबणार नाही.

डिझेल ट्रॅक्टरच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. डिझेल एंजिनात इंधन पेटते ते जोराने दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेने. त्याला ठिणगी लागत नाही. पेट्रोलच्या एंजिनाला ठिणगीसाठी सतत वीज लागते. म्हणून बॅटरी क्षीण होऊ लागली की ते अडखळते आणि चालकाला सूचना मिळते. जुना डिझेल ट्रॅक्टर मात्र एकदा सुरू झाला की विजेवाचून दिवसभर चालतो. डायनॅमो पूर्ण निकामी झाला तरी नांगराच्या ओढीत तिळमात्र फरक पडत नाही. दोष सकाळी उद्भवला तरी तो कळतो दुसऱ्या सकाळी. आणि त्या वेळी समोर दिसते ती केवळ उतरलेली बॅटरी.

याच कारणास्तव रस्त्याकडेच्या दुरुस्तीघरांत चालणारी एक चाचणी सर्वस्वी निरर्थक ठरते. एंजिन चालू असता बॅटरीची तार काढावयाची, आणि एंजिन बंद पडले नाही तर डायनॅमो ठीक आहे असे समजावयाचे, अशी ती चाचणी आहे. पेट्रोलच्या जुन्या मोटारींवरून ती डिझेल ट्रॅक्टरकडे आली असावी. डिझेल एंजिन तार काढल्यावर चालू राहतेच, डायनॅमो असो वा नसो. शिवाय बॅटरीचा आधार सुटल्यावर विद्युत् दाब एकदम चढून दिवे जळण्याचा धोका असतो. आणि डायनॅमोऐवजी अल्टरनेटर असेल तर त्यातील डायोड क्षणार्धात निकामी होऊ शकतात. म्हणजे ज्या चाचणीने काहीच सिद्ध होत नाही, तिनेच चांगले यंत्र बिघडावयाचे!

मग सिद्ध कशाने होते? दोन आकड्यांनी. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीच्या दोन अग्रांवर व्होल्टमीटर लावावा. सुमारे १२.६ व्होल्ट दाब असल्यास बॅटरी भरलेली आहे. १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी असल्यास ती बरीचशी रिकामी आहे. नंतर एंजिन सुरू करून त्याला मध्यम गती द्यावी आणि पुन्हा पाहावे. आकडा चढून १३.५ ते १४.५ च्या दरम्यान गेला तर वीज बॅटरीत जात आहे. तो पहिल्याच ठिकाणी राहिला किंवा खाली घसरला तर काहीही जात नाही. आणि तो १५ च्या पलीकडे गेला तर जरुरीपेक्षा जास्त जात आहे. या दोन मापनांना पाच मिनिटे पुरतात. बॅटरीच्या दुकानाची वाट धरण्यापूर्वी एवढे करण्यास कोणाचीच हरकत नसावी.

थोडा हिशेबही करून पाहण्याजोगा आहे. स्टार्टरने ३०० अँपिअर प्रवाह १० सेकंद घेतला असे मानले, तर खर्च होतो तो एका अँपिअर-तासाहूनही कमी. डायनॅमोने १० अँपिअर दिले तर ही तूट पाच मिनिटांत भरून निघते. उलट ४५ वॉटचे दोन दिवे लावून रात्री सहा तास नांगरट केली, तर सुमारे ४५ अँपिअर-तास खर्ची पडतात, म्हणजे ट्रॅक्टरच्या सर्वसाधारण बॅटरीतील जवळजवळ निम्मा साठा. तेव्हा डायनॅमो बंद असताना बॅटरी रिकामी होते ती विशेषतः दिव्यांमुळे. सुरू करण्याचा भार त्या मानाने थोडाच.

आता डायनॅमोकडे वळू. इंग्लंडमध्ये १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला फर्ग्युसन टीई-२० आणि त्यानंतरचा मॅसी फर्ग्युसन ३५ यांवर ल्यूकस कंपनीच्या पद्धतीचा डायनॅमो असे. भारतात फरीदाबाद येथे १९५९ साली आयशर ट्रॅक्टर तयार झाला. पुढील काही वर्षांत मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या आणि मुंबईला इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टरचे कारखाने निघाले. त्या पिढीतील जे ट्रॅक्टर अद्याप राबत आहेत त्यांपैकी काहींवर डायनॅमो टिकून आहे. त्याच्या अंगावर दोन अग्रे असतात : मोठे ‘डी’ आणि लहान ‘एफ’. ‘डी’मधून तयार झालेली वीज बाहेर पडते, ‘एफ’मधून त्यातील थोडीशी वीज परत आत जाऊन चुंबकाच्या वेष्टनांतून फिरते.

या ‘परत आत’ जाण्यातच डायनॅमोचे सारे रहस्य साठविलेले आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली चुंबक व तार यांच्या सापेक्ष गतीतून वीज निर्माण करून दाखविली. परंतु प्रारंभीच्या यंत्रांना कायमचे पोलादी चुंबक लागत, आणि ते दुबळे असत. १८६७ साली वेर्नर सीमेन्स यांनी बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे आणि त्याच सुमारास चार्ल्स व्हीटस्टन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे दाखवून दिले की, लोखंडात मागे उरलेले अल्पसे चुंबकत्वही पुरेसे असते. त्यातून थोडी वीज निर्माण होते, ती चुंबकाला बळ देते, बळकट चुंबक अधिक वीज देतो, आणि अशा रीतीने यंत्र स्वतःच्या बळावर उभे राहते. शेतकऱ्याच्या खळ्यावरील तो काळवंडलेला नळकांड्यासारखा डायनॅमो या तत्त्वावरच चालतो. शाळेतील विद्यार्थ्याला हे तत्त्व चित्रापेक्षा त्याच्याजवळ उभे राहून लवकर समजेल.

परीक्षा अशी करावी. प्रथम पट्टा पाहावा. अंगठ्याने दाबला असता तो अर्ध्या-पाऊण इंचाहून अधिक दबत असेल किंवा त्याची आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, तर पुढे जाण्याचे कारण नाही. पट्टा ठीक असल्यास ‘डी’ आणि ‘एफ’ या दोन्ही अग्रांवरील तारा काढाव्यात, ती दोन अग्रे एका आखूड तारेने परस्परांस जोडावीत, आणि तेथून ट्रॅक्टरच्या सांगाड्यापर्यंत व्होल्टमीटर लावावा. एंजिन मंद गतीवरून सावकाश वाढवीत न्यावे. काटा न थरथरता भराभर चढला पाहिजे. तो २० व्होल्टपलीकडे मात्र जाऊ देऊ नये. या जोडणीत डायनॅमोवर कोणाचाच लगाम नसतो.

काटा मुळीच हलला नाही तर कार्बनचे ब्रश झिजले आहेत, अडकले आहेत किंवा कम्युटेटर मळला आहे, असा संशय प्रथम घ्यावा. काटा अर्ध्या ते एक व्होल्टवर थबकला तर चुंबकाच्या वेष्टनांत दोष आहे. हा अर्धा-एक व्होल्ट लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाचा. त्याला बळ देणारी वेष्टने तुटली असल्याने तो तेवढाच राहतो. काटा चार-पाच व्होल्टपर्यंत जाऊन थांबला तर दोष फिरत्या आर्मेचरच्या वेष्टनात असण्याचा संभव असतो. एका व्होल्टमीटरच्या काट्याने यंत्राचे अंतरंग, ते न उघडता, एवढे उघडे करावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. मात्र काही अमेरिकी बनावटीच्या डायनॅमोंत वेष्टनाची जोडणी उलट असते. तेथे ‘एफ’ अग्र ‘डी’ला न जोडता सांगाड्याशी जोडावे लागते. यंत्र कोणत्या पद्धतीचे आहे हे ठरविल्यावाचून ही परीक्षा करू नये.

डायनॅमो निर्दोष ठरला तर तारा पुन्हा जोडून तीच तपासणी नियंत्रकपेटीच्या टोकाशी करावी. मधली तार तुटली असल्यास ती येथे सापडते. सांगाड्याकडे जाणारी तार आणि बॅटरीची जाड पट्टी यांचे सांधे खरवडून स्वच्छ करावेत. या बिनखर्ची उपायाने सुटलेल्या तक्रारींची संख्या थोडी नसावी.

नियंत्रकपेटीत दोन साधने असतात. त्यांपैकी कट-आउटचे कार्य विहिरीवरील पंपाच्या फूट व्हॉल्व्हसारखे आहे. पंप थांबल्यावर नळातील पाणी विहिरीत परत जाऊ नये म्हणून तो व्हॉल्व्ह. डायनॅमो थांबल्यावर बॅटरीतील वीज डायनॅमोत परत जाऊ नये म्हणून हा कट-आउट. डायनॅमोचा दाब १३ व्होल्टच्या आसपास पोहोचताच त्याचे संपर्क मिटतात, दाब उतरताच उघडतात. ते चिकटून बसले तर एका रात्रीत बॅटरी रिकामी होते आणि डायनॅमोही जळतो. दुसरे साधन रेग्युलेटर. बॅटरी भरत आली की तो चुंबकाकडे जाणारा प्रवाह आवरतो. म्हणून भरलेल्या बॅटरीवर प्रवाहमापकाचा काटा शून्याजवळ विसावतो. तो दोष नव्हे. तो रेग्युलेटरचा प्रामाणिकपणा होय. हे न जाणणारा मिस्त्री स्क्रू पिळून काटा वर चढवितो, मालकाला समाधान वाटते, आणि काही आठवड्यांत बॅटरीतले आम्ल उकळून पट्ट्या झडू लागतात. बॅटरीत वारंवार पाणी घालावे लागत असेल तर तो बॅटरीचा तहानलेला स्वभाव समजू नये.

लाल दिव्यावरही फाजील विश्वास ठेवू नये. तो डायनॅमो आणि बॅटरी यांच्यामध्ये जोडलेला असतो. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की तो विझतो. दिवा विझला म्हणजे बॅटरी भरत आहे असे निश्चित ठरत नाही, आणि किल्ली फिरविताच जो दिवा मुळीच लागत नाही तो तर स्वतःच जळालेला असू शकतो.

नवी बॅटरी बसविताना होणारी एक चूक येथे नोंदविली पाहिजे. ब्रिटिश बनावटीच्या अनेक जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याशी जोडलेले असे; आजच्या पद्धतीत ऋण अग्र जोडतात. आजच्या सवयीने बॅटरी उलटी जोडली गेली तर डायनॅमोतील उरलेले चुंबकत्व विरुद्ध दिशेचे ठरते. कट-आउट मिटताच दोन्ही दाबांची बेरीज होऊन प्रचंड प्रवाह वाहतो आणि संपर्क वितळून जुळतात. मग चांगल्या बॅटरीला पुन्हा दूषण! ल्यूकस पद्धतीच्या डायनॅमोला योग्य दिशेचे चुंबकत्व देण्यासाठी, एंजिन बंद असता, ‘एफ’वरील तार काढून त्या अग्राला बॅटरीच्या सांगाड्याशी न जोडलेल्या अग्राकडून आलेल्या तारेचा क्षणमात्र स्पर्श दोन-तीन वेळा करतात. ठिणगी उडते ती डायनॅमोपाशी उडावी, बॅटरीपाशी नव्हे. कारण भरत्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन स्फोटक असतो.

यावर असे म्हटले जाते की, पेरणीच्या घाईत हा शास्त्रार्थ करावयास वेळ कोणाला आहे? आक्षेप अगदीच पोकळ नाही. मिस्त्री दहा कोसांवर असतो, आणि पेटीवरील अक्षरे इंग्रजी असतात. परंतु घाईतच चुकीचा भाग बदलला जातो, आणि तो परत घेतला जात नाही. व्होल्टमीटरची किंमत बॅटरीच्या किमतीचा अल्पसा अंश असते. गावच्या शाळेत तो असेल, आणि ‘डी’ व ‘एफ’ यांचा अर्थ सांगणारे स्वभाषेतील चार पानांचे पुस्तक वाचनालयात असेल, तर सातवी-आठवीतला मुलगाही वडिलांना पहिले दोन आकडे वाचून दाखवू शकेल.

काहीजण डायनॅमो काढून अल्टरनेटर बसविण्याचा सल्ला देतात. जेथे रात्री दिव्यांवर पुष्कळ काम होते आणि एंजिन मंद गतीवर चालते तेथे तो सल्ला योग्य आहे, कारण मंद गतीवर डायनॅमो फारसे काही देत नाही. परंतु दोष शोधण्याचा कंटाळा हे त्याचे कारण असू नये. तुटलेली तार किंवा गंजलेला सांधा अल्टरनेटर लावल्यानंतरही तेथेच राहतो. जुनी नियंत्रकपेटीही प्रवाहमार्गात ठेवून चालत नाही, आणि सुमारे २० अँपिअरच्या डायनॅमोसाठी घातलेल्या जुन्या तारा व प्रवाहमापक दुपटीहून अधिक प्रवाहाला अपुरे पडतात. ते बदलल्यावाचून अल्टरनेटर जोडला तर पहिल्याच लांब रात्री तारेवरचे आवरण वितळल्याचा वास चालकाला येतो.