हंगेरीचे नोकेदली आणि आपल्या ताटातले अंडे



हंगेरीतील शायोकाझा या गावात डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू झाली. तिथे शिकतात ती रोमा समाजाची मुले. हा समाजही पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवला गेला. त्यातले काही जण बाबासाहेबांच्या विचाराने बुद्धाकडे वळले. 'जय भीम नेटवर्क' ही त्यांची संस्था २००७ सालची. त्या देशात घरोघरी होणारा अंड्याचा एक स्वस्त पदार्थ आपल्याही चुलीवर सहज जमतो. त्याचे नाव नोकेदली.

चार माणसांसाठी पाव किलो पीठ घ्यावे. तिकडे मैदा वापरतात. आम्ही म्हणतो, निम्मी कणीक घाला. त्यात दोन अंडी, चमचाभर मीठ आणि लागेल तसे पाणी घालून भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट कालवावे. फार फेटू नये, चिवट होते. दहा मिनिटे झाकून ठेवावे. मोठ्या पातेल्यात मिठाचे पाणी खळखळ उकळावे. त्यावर मोठ्या भोकांचा झारा धरून चमच्याने पीठ दाबावे. गोळ्या वर तरंगल्या की आणखी मिनिटभराने चाळणीत निथळून चमचाभर तेल लावावे. हंगेरीत कोंबडीच्या लाल रश्श्यासोबत हे खातात. आपल्याकडे रस्सा नसेल तर मटकीची उसळ चालेल.

पण इथे हिशेब करावा. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. दोन अंडी चौघांत वाटली तर प्रत्येकाला अंड्याची तीनच ग्रॅम मिळतात. पोट भरते ते पिठाने. म्हणून हंगेरीचाच दुसरा प्रकार आम्हाला अधिक पटतो: तयार नोकेदली कांद्यावर परतून वर आणखी चार अंडी फोडायची आणि नीट शिजवायची. मग प्रत्येकाच्या वाट्याला दीड अंडे येते. सोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर घ्यावी. जेवणाला लागून चहा नको, तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही.

हे सांगण्याला कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. असे असताना शालेय पोषण आहारात २०२३ साली आलेल्या अंड्याचा निधी सरकारने जानेवारी २०२५ मध्ये बंद केला. अंडे द्यायचे तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगितले. जिथे पालक रोजंदारीवर जगतात, तिथे वर्गणी कोण देणार?

अंडे खावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे. पण दुसऱ्याच्या सोवळ्यासाठी किंवा तिजोरीच्या काटकसरीसाठी गरिबाच्या मुलाचे अंडे काढून घेणे आम्हाला मान्य नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. तिथे हा प्रश्न विचारा, लेखी विचारा.

आणि एक प्रश्न आपल्या घरातही विचारू या. अंडी आणली की आधी कर्त्या पुरुषाला आणि मुलाला वाढली जातात. आई आणि मुलगी रश्श्यावर भागवतात. समतेची गोष्ट विहारात बोलायची आणि ताटात विसरायची, हे चालणार नाही. आज अंडी शिजली तर पहिले मुलीच्या ताटात वाढा.