स्क्रीनशॉटची उलटतपासणी कशी घेणार?

ग्रुपवर कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं आणि दोन मिनिटांत आपला निकाल तयार! ज्याच्यावर आरोप झालाय, त्याला एक तरी प्रश्न विचारायला मिळाला का? ते कुणी बघत नाही.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली सहावी दुरुस्ती नेमकं हेच बघते. विरोधी साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारायचा हक्क ती आरोपीला देते. मग कोर्टाबाहेरचं प्रत्येक बोलणं ‘साक्ष’ धरायचं का? २००६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने दोन केसेसचा एकत्र निकाल दिला. दोन्हींत मारहाण झालेली बाई साक्षीला आलीच नव्हती. पहिलीने मार खातानाच ९११ला फोन केला होता. ती मदतीची हाक होती, साक्ष नव्हे. त्यामुळे रेकॉर्डिंग चाललं. दुसरीने सगळं शांत झाल्यावर घरी आलेल्या पोलिसांना लेखी जबाब दिला. ती मात्र साक्ष; उलटतपासणीशिवाय चालणार नाही.

दुसरीसाठी वाईट वाटतं. घाबरून कोर्टात न येणाऱ्या बायका काय कमी असतात? तरी मला हा नियम पटतो. नुसत्या कागदावर शिक्षा होऊ लागली, तर उद्या कुणीही अडकेल. शिवाय आरोपीनेच साक्षीदाराला गप्प बसवलं, तर त्याचा हा हक्क जातो, हेही कोर्टाने सांगितलंय. म्हणजे नियम सैल करायची गरज नाही. तिला न घाबरता कोर्टात येता आलं पाहिजे.

आणि आपण? पुढचा स्क्रीनशॉट फॉरवर्ड करण्याआधी निदान दुसरी बाजू तरी विचारूया.