एका रात्रीचा नायक की कसलेला खेळाडू?

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू हाती घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या फळीतून धावणाऱ्या खेळाडूला 'रनिंग बॅक' म्हणतात. पदार्पणातच शतक ठोकणाऱ्या फलंदाजाबाबत आपल्याकडे जी घाई होते, तीच तेथे या नवोदितांबाबत दर मोसमात होते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या जोनास ग्रेने इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध २०१ यार्डांची मजल मारली आणि चार टचडाउन केले. रातोरात त्याचा बोलबाला झाला. मात्र त्याच आठवड्यात तो सरावाला उशिरा पोहोचला, पुढच्या सामन्यात बाकावर बसला आणि नंतर एकाही सामन्यात त्याला शंभर यार्ड गाठता आले नाहीत.

या फसगतीचे मूळ सरासरीच्या गणितात आहे. समजा, एखाद्याने ३९ वेळा धावून १३६ यार्ड मिळवले, तर सरासरी साडेतीन यार्ड, म्हणजे सामान्यच. चाळिसाव्या वेळी बचावातील चुकीमुळे त्याला ८० यार्ड मिळाले, की हीच सरासरी ५.४ वर जाते. खेळाडू तोच, कौशल्य तेच. बदलतो तो फक्त निकाल!

शिवाय हे श्रेय एकट्याचे नसते. वाट मोकळी करणारे पाच धिप्पाड सहकारी त्याच्यापुढे असतात. सॅक्वॉन बार्कलीने २०२३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून प्रत्येक धावेमागे ३.९ यार्ड मिळवले. २०२४ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या भक्कम फळीमागे त्याने ५.८ च्या सरासरीने २,००५ यार्ड काढले. जाणत्या खेळाडूच्या आकड्यांत एवढा फरक पडत असेल, तर नवख्याचे मोजमाप किती डळमळीत असेल?

याउलट, हाताशी असलेल्या पुराव्यापेक्षा नावलौकिकावर भिस्त ठेवणेही अंगलट येते. ट्रेंट रिचर्डसनची २०१२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवड झाली. पहिल्या मोसमातील त्याची सरासरी अवघी ३.६ होती. तरीही २०१३ मध्ये कोल्ट्सने त्याच्यासाठी पहिल्या फेरीतील निवडीचा हक्क दिला. तेथे त्या मोसमात ही सरासरी २.९ वर घसरली. टेरेल डेव्हिस मात्र १९९५ मध्ये १९६ व्या क्रमांकावर निवडला गेला. टोकियोतील एका सराव सामन्यात त्याने चेंडू घेऊन धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला जोरदार धडक देऊन रोखले. प्रशिक्षकांची नजर त्याच्याकडे वळली ती या खेळीने. पुढे १९९८ मध्ये त्याने २,००८ यार्ड काढले.

म्हणूनच थोड्या पुराव्यात काय टिकाऊ आहे, हे शोधणे महत्त्वाचे ठरते. धडक बसल्यावरही तो किती पुढे सरकतो, क्वार्टरबॅकचे रक्षण करतो का, चेंडू हातातून निसटू देतो का, समोर मुख्य खेळाडू होते की राखीव, याची उत्तरे एका लांब धावेपेक्षा अधिक बोलकी असतात.

हा प्रश्न केवळ चाहत्यांच्या वादाचा नाही. २०११ पासून निवडलेल्या नवोदिताचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि या जागेवरील शरीर लवकर झिजते. संघाचा अंदाज चुकला, तर त्याला पुढच्या वर्षी दुसरा खेळाडू मिळतो. परंतु दहा-वीस धावांवरून नाकारल्या गेलेल्या तरुणाला पुन्हा संधी मिळेलच, याची शाश्वती नसते. घाईच्या निकालाची खरी किंमत तोच मोजतो.