साधी गाठ

कांद्याला कोंब फुटू लागला की लासलगावच्या शेतकऱ्याचे काळीज हलते. म्हणून तर २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने आमच्या गावी ‘कृषक’ उभारले. तिथे कोबाल्टचे गॅमा किरण कांद्यावर सोडतात आणि कोंबाची वाढच थांबवतात. ‘बाई, असल्या कांद्याने कर्करोग होतो का हो?’ हा प्रश्न मला भाजीच्या गाडीपाशीसुद्धा विचारला जातो. शाळेत जीवशास्त्र शिकवल्याची ही शिक्षा! नाही होत. किरण आरपार निघून जातात, कांद्यात मुक्काम करीत नाहीत.

शेजारच्या सूनबाईंनी श्रावणात विचारलेला प्रश्न मात्र इतका सोपा नव्हता. छातीत गाठ हाताला लागली, ती त्यांनी चार महिने पदराआड लपवली. सासूला कळू दिले नाही, नवऱ्याला नाही. अखेर नाशिकला तपासणी झाली, सुईने तुकडा काढला, आणि कर्करोग नाही असा अहवाल आला. घरी पेढे वाटले. त्या मात्र कागद घेऊन माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. ‘बाई, गाठ साधी म्हणतात, मग सहा महिन्यांनी पुन्हा कशाला बोलावलंय?’

वाचकहो, हा ‘साधी’ शब्द फार भोळा आहे. स्तनातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवीच असतात, हे आधी सांगते. पण १९८५ साली अमेरिकेत ड्युपाँट आणि पेज या संशोधकांनी दहा हजारांहून अधिक जुने तुकडे पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातले, आणि साध्या गाठींतही जाती निघाल्या. पेशींची दाटीच नसेल तर धोका वाढत नाही. नुसती दाटी असेल तर तो दीड-दोन पट होतो. दाटीबरोबर पेशींचे रूपही बिघडलेले असेल, तर सुमारे चौपट. चौपट म्हणजे कर्करोग होणारच असे नव्हे. अशा बहुतेक बायकांना तो होतही नाही. सूनबाईंच्या कागदावर ‘दाटी’ची ओळ होती.

मग सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही असे त्या पेशीत काय चालते? कांद्याच्या मुळीत आणि पातीत जनुकांची पोथी एकच असते. फरक असतो तो कोणती पाने उघडी आणि कोणती मिटलेली, एवढाच. मिटलेल्या पानावर पुष्कळदा मिथाइल नावाची चिमुकली रासायनिक खूण असते. पोथीचे अक्षर न बदलता होणाऱ्या या उघडझापीच्या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात. ‘कृषक’मधले किरण अक्षरेच तोडतात, इथे अक्षरे शाबूत राहतात. पेशींची वाढ आवरणारी पी-१६ आणि आरएएसएसएफ-१ए ही जनुके म्हणजे घरचे पहारेकरी. कर्करोगात त्यांना असे कुलूप लागलेले सापडते. पण तेच कुलूप काही साध्या गाठींत, इतकेच काय, वरून धडधाकट दिसणाऱ्या स्तनाच्या पेशींतही सापडले आहे! म्हणजे चोर येण्यापूर्वीच पहारेकरी कोठडीत.

यातली मेख अशी, की कुलूप लागलेल्या सगळ्याच पेशी बिघडत नाहीत. कोणती बिघडेल आणि कोणती जन्मभर गप्प राहील, हे एकेका बाईपुरते आज सांगता येत नाही. कुलपे काढणारी औषधे आहेत, पण ती रक्ताच्या काही आजारांसाठी; स्तनातल्या साध्या गाठीसाठी नव्हेत. म्हणून डॉक्टर पेशींचे रूप, वय, घराण्यातला आजार पाहतात, आणि पुन्हा बोलावतात. सूनबाईंना मी एवढेच सांगितले.

घराण्यावरून आठवले. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी एम.एस्सी.ला सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला, आणि पुढे परळला डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्या वळल्या त्या उंदरांच्या स्तनांतील गाठींकडे. १९४९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. आनुवंशिकता आणि कर्करोग यांचे नाते त्या पुढेही शोधत राहिल्या. सीताफळापासून उंदरापर्यंतचा हा प्रवास मी वर्गात नेहमी सांगत असे. मुले हसत, मुली मात्र टिपून घेत.

त्याच परळच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत एक मोठा प्रयोग केला. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखावर स्त्रिया. त्यांतल्या एका गटाची दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनतपासणी. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली छापून आला: कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

परवा खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायांना मी हे सांगत होते. नुसता दाबून आतून सडलेला कांदा ओळखणारी ही बोटे! पोरी पदर तोंडाशी धरून हसल्या. एक वयस्क बाई तेवढी हसली नाही. ‘त्या बाया आपल्याकडं कधी येनार?’

तीस वर्षांपुढच्या बाईसाठी ही तपासणी आता सरकारी कार्यक्रमात आहे. आरोग्य केंद्रात जाऊन मागायची. मी तसे सांगितले. तिने हातातला कांदा पाटीत टाकला आणि विचारले, ‘कोन्या वारी?’