बोर्ड गेलाय!

‘बोर्ड गेलाय’ हे दोन शब्द ज्याला चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणता येतात, त्याला या देशात उपाशी मरायची भीती नाही. पूर्वी वैद्यबुवा ‘वात वाढलाय’ म्हणायचे. पण त्याआधी ते निदान नाडी तरी धरायचे. आताचा इंजिनिअर यंत्राचं झाकणही उघडत नाही. आत येतो, वर बघतो, जिभेने ‘च्यक्’ असा आवाज काढतो आणि म्हणतो, ‘बोर्ड गेलाय.’ कुठे गेलाय, कोणाबरोबर गेलाय, परत कधी येणार, हे विचारायची सोय नाही. मग नवा येतो, आणि नव्याचा हात धरून बिल येतं.

बोर्ड वॉशिंग मशीनचा जातो, गीझरचा जातो, आमच्या शेजारी तर एका सुशिक्षित पंख्याचासुद्धा गेला. पण आज मी ज्या बोर्डावरून भांडायला बसलोय तो गॅरेजच्या दाराचा आहे. आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाचा आणि गॅरेजच्या दाराचा संबंध काय? बरोबर आहे. मला मोटार नाही, म्हणून गॅरेज नाही, म्हणून दार नाही. स्कूटर आहे, ती जिन्याखाली झोपते. पण मी महाबळेश्वरात राहतो, आणि इथे राहणाऱ्याला शेजारच्या बंगल्याच्या भानगडींतून सुटका नसते. मालक मुंबईत, माळी इथे, आणि दोघांच्या मधे निरोप्या म्हणून मी, असा आमचा त्रिकोण कैक वर्षं चाललाय.

या मालकसाहेबांचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्याकडे जाऊन आलेले लोक येताना बदाम आणि शांपू आणतात. साहेबांनी कल्पना आणली. २०१९ साली त्यांनी गॅरेजचं जुनं सागवानी दार काढलं आणि तिथे चार आडव्या फळ्यांचं, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांतून वर सरकणारं दार बसवलं. बटण दाबलं की हे दार गुणी बाळासारखं छताखाली जाऊन आडवं होतं. तिकडे ही गोष्ट फार जुनी. सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १९२१ मध्ये असं वर जाणारं दार काढलं आणि १९२६ मध्ये त्याला वीज जोडली. म्हणजे आपल्याकडे आठवलेसाहेबांच्या बंगल्यातही गॅसबत्ती होती त्या काळात तिकडे दार बटणावर उघडत होतं. (हे आठवलेसाहेब कोण ते विचारू नका. प्रत्येक गावात एक असतात.)

यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या ‘दुरुस्ती’बद्दल. आणि ती समजायला या दाराचं एक गुपित कळायला हवं, जे साहेबांना माहीत नव्हतं आणि कंपनीच्या माणसाने कधी सांगितलं नाही. ते असं, की दार मोटर उचलतच नाही. दार उचलते स्प्रिंग. दाराच्या वर एका दांड्यावर जाड स्प्रिंगा पिळून बसवलेल्या असतात. त्या दाराचं जवळजवळ सगळं ओझं तोलून धरतात, आणि मोटर नुसती ढकलल्यासारखं करते. लग्नात मुलीचा बाप राबतो आणि फोटोत मामा पुढे असतो, त्यातला प्रकार. मामा दमला असं वाटलं तर आधी बापाची तब्येत बघायची असते.

त्यात आमचं गाव. साडेचार हजार फुटांवर, कोकणाकडे तोंड करून बसलेलं. वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तोही सरळ खाली न पडता आडवा येणारा. पावसाळ्याआधी इथली जुनी माणसं घरादुकानांना गवताच्या झडी बांधत आली. आता त्या जागी प्लॅस्टिकचे कागद जास्त दिसतात, पण बांधणं-सोडणं तेच. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या बाजूला काही पहाटे दव गोठतं, आणि पेपरवाले दरवर्षी त्याच उत्साहाने त्याचा फोटो छापतात. अशा हवेत त्या दाराचं काय होत असेल? थंडीने ग्रीस घट्ट होतं. वाऱ्याने दार पट्टीवर दाबलं जाऊन चाकं घासतात. यंत्राला वाटतं, मधे काहीतरी अडकलंय, आणि ते दार परत वर नेतं. हा त्याचा शहाणपणा आहे. पोरं दाराखाली चिरडली जाऊ लागली म्हणून अमेरिकेने १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना असा आवर सक्तीचा केला. त्यासाठी जमिनीपासून वीतभर उंचीवर समोरासमोर दोन इलेक्ट्रॉनिक डोळे बसवतात. त्यांच्या मधला अदृश्य किरण तुटला की दार खाली येत नाही. आता धुकं, कोळीष्टकं आणि लाल माती यांतून तो किरण दिवसातून किती वेळा तुटत असेल याचा हिशोब करायला चार्टर्ड अकाउंटंटच हवा.

२०२१ च्या जुलैत आमच्याकडे एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. आंबेनळी घाट दरडींनी बंद झाला आणि वीज गेली. त्याच आठवड्यात एका रात्री माळीमामा कांबळं पांघरून माझ्या दारात उभे. बायकोला श्वास लागला होता.

“साहेबांला फोन लागला,” मामा म्हणाले. “जीप घेऊन जा म्हनाले.”

“मग घ्या की!”

“जीप आत हाय. दार उघडंना. बटन दाबून दाबून अंगठा सुजला.”

आम्ही दोघे त्या दारापुढे उभे राहिलो. साहेबांचं औदार्य फोनवर, जीप आत, रिमोट मामांच्या मुठीत, आणि वीज कुठेच नाही. आत छताला एक लाल दोरी लोंबत असते. ती ओढली की मोटर सुटते आणि दार हाताने उचलता येतं. पण ती आत. गॅरेजला दुसरं दार नसेल तर बाहेरून ती सोडवायला दारातच एक छोटं कुलूप असतं. ते होतं. किल्ली साहेबांच्या खणात होती. खण मुंबईला होता.

शेवटी चिक्कीवाल्याच्या टेम्पोतून मामींना दवाखान्यात नेलं. चिक्कीची खोकी उतरवायला पाच मिनिटं लागली. पाच मिनिटं म्हणजे काय असतात, ते त्या वेळी टेम्पोत बसलेल्या माणसाला विचारावं. मामी बऱ्या झाल्या. आजही मला बघितलं की चहा टाकतात.

घाट मोकळा झाल्यावर कंपनीचा माणूस आला. वर बघितलं, ‘च्यक्’, बोर्ड गेलाय. १४,८०० रुपये. भेटीचा आकार वेगळा, जेवण वेगळं. तो बोर्ड खरंच गेला असेल, मी नाही म्हणत नाही. त्या आठवड्यात गावातलं पुष्कळ काही गेलं. पण त्याच माणसाने त्याआधी वार्षिक देखभालीच्या नावाखाली दोनदा पायधूळ झाडली होती. एकदाही त्याने मामांना विचारलं नाही, की वीज गेली तर काय कराल? किल्ली कुठंय? नोंदवहीत मात्र ‘सर्व ठीक’ असं लिहून सही घेऊन गेला. सही मामांची, इंग्रजी मजकुराखाली.

जानेवारी उजाडला. थंडी पडली आणि दार हट्टाला पेटलं. वर जाई, खाली येईना. वीतभर उतरायचं, की पुन्हा वर. कंपनीचा माणूस आला. काय म्हणाला असेल ते तुम्ही ओळखलंच. मी विचारलं, “अहो, हा तर पाच महिन्यांचा आहे. वॉरंटी?” तर म्हणे, “व्होल्टेजच्या चढउताराला वॉरंटी नसते. शिवाय सर, तुमच्या हवेला हे मॉडेलच कमी पडतं. मोठी मोटर घ्या.” जणू हवा मी केली होती.

तो जाताच मी गावातल्या मिस्त्रीला बोलावलं. हा माणूस शटरं बसवतो, बंब दुरुस्त करतो, शाळेची घंटा करतो. त्याच्या शर्टावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही, वंगणाचे डाग आहेत. तो आधी खाली बसला. उकिडवा. कंपनीचा माणूस वर बघायचा, हा खाली बसला, यातच सगळं आलं. गळ्यातल्या मफलरने त्याने ते दोन डोळे पुसले, एकाची फट बोटाने सरळ केली आणि म्हणाला, “दाबा.” दार खाली आलं.

मग त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मीच ते धुकं आणून ठेवलंय. “साहेब, अजून एक बघू द्या.” बंद दाराची लाल दोरी त्याने आतून ओढली, दार हाताने कमरेपर्यंत उचललं आणि सोडलं. निरोगी दार तिथल्या तिथे थांबायला हवं. हे धाडकन खाली आलं. “बघा. स्प्रिंग मेलीय. मोटर बिचारी एकटीच हमाली करतीय. बोर्ड जाईल नाही तर काय!” आणि वर बजावलं, “दार वर असताना ही दोरी ओढायची नाही. स्प्रिंग अशी असली तर डोक्यात येईल. आणि स्प्रिंगला घरच्या कुणी हात लावायचा नाही. पीळ सुटला तर हात घेऊन जाईल.”

मी साहेबांना फोन लावला. मिस्त्रीने नवी स्प्रिंग किमतीला आणि स्वतःची मजुरी बाराशे सांगितली होती. त्यात जुनं घट्ट ग्रीस पुसून काढणं आणि चाकं साफ करणंही आलं.

“बाराशे?” साहेब ओरडले. “नुसतं पुसायचे?”

इथे मला भांडायचंय. १४,८०० रुपये देताना साहेबांनी हूं की चूं केलं नाही, कारण त्या बदल्यात हातात काहीतरी आलं. डबा होता, डब्यात थर्माकोल होता. मिस्त्रीने डबा दिला नाही. त्याने दिलं डोकं, आणि डोक्याला थर्माकोल लागत नसल्यामुळे त्याचे पैसे द्यायचं आपल्या जिवावर येतं. वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात, की आहे ती वस्तू चालती ठेवायला येतो तो महसुली खर्च आणि नवी वस्तू घ्यायला येतो तो भांडवली खर्च. एक दुसऱ्यात दडवला तर ताळेबंद खोटा ठरतो. कंपन्या खुशाल नवी वस्तू विकतात आणि पावतीवर ‘दुरुस्ती’ लिहितात. आमच्या कॅशियरने असं केलं असतं तर त्याची चौकशी लागली असती.

सरकारचंही याकडे लक्ष गेलंय. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल काढलं. दुरुस्तीचा हक्क! नाव ऐकून मला भरून आलं. पण हक्क मिळाला तरी दुरुस्त करणारा हवा ना? मिस्त्रीचा मुलगा साताऱ्याला कॉम्प्युटर शिकतोय. वाकून बसणाऱ्याला बाराशे देताना कुरकुर करणारं गाव त्याने बघितलंय.

आणि ज्या अमेरिकेहून ही कल्पना आणली, तिथे काय झालं तेही साहेबांना सांगावंसं वाटतं. २०१७ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात वणवे पेटले, वीज गेली, आणि गॅरेजची दारं उघडेनात म्हणून माणसं घरात अडकली. पुढच्या वर्षी तिथे कायदा झाला, आणि १ जुलै २०१९ पासून राज्यात विकल्या जाणाऱ्या अशा यंत्राला बॅटरी सक्तीची झाली. आमचं दार त्याच साली बसलं. आणायचंच होतं तर साहेबांनी दाराबरोबर तो कायदाही आणायला हवा होता.

बाराशे शेवटी मिळाले. ते कसे, त्यावर स्वतंत्र लेख होईल. मिस्त्रीने स्प्रिंग बदलली आणि आता मामी एका हाताने दार उचलतात. किल्लीसाठी मी साहेबांना तीन फोन केले. ती कुरिअरने आली आणि मामांच्या खोलीत देवाच्या फोटोखालच्या खिळ्याला लागली. मिस्त्रीने मामांना दिवा मालवून अंधारात पाच वेळा ते कुलूप उघडायला लावलं. सहाव्यांदा मामींनी उघडलं.

किल्लीच्या पाकिटात आणखी एक कागद होता. पुढच्या वर्षाच्या देखभालीचा करार. त्यात बारीक अक्षरांत छापलंय, की कंपनीच्या माणसाखेरीज कोणीही यंत्राला हात लावल्यास करार रद्द समजला जाईल. मामांची सही घेऊन तो परत पाठवा, असं साहेबांनी कळवलंय. सध्या तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. अशा नोंदी कुठल्याच खात्यात बसत नाहीत, तेव्हा आम्ही त्या सस्पेन्सला टाकतो.